जुनी पिकअप घाटात ओढत नाही: इंजिन काम करायचं की गाडीच बदलायची?

जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याच्या पट्ट्यात गॅरेज असलं की एक तक्रार बारा महिने येते. गाडी दहा-बारा वर्षांची, सव्वा-दीड टनाच्या पासिंगची (म्हणजे तेवढाच माल मान्य असलेली) डिझेल पिकअप. मालक सांगतो, "ओढत नाही." मागच्या वर्षी हाफ इंजिन (इंजिनाची अर्धी दुरुस्ती) झालेलं असतं, नंतर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) झालेले असतात, क्लच प्लेट नवीच असते. तरी कल्याणहून रिटर्नचा माल भरून माळशेज चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे हॉर्न सुरू होतात. मग प्रश्न येतो, अजून लाखभर रुपये घालायचे की काढूनच टाकायची?

"ओढत नाही" म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एकाची गाडी तीच, माल तोच, रस्ता तोच. पूर्वी तिसऱ्यावर चढायची, आता दुसऱ्यावर येते. दुसऱ्याचा धंदा वाढला, माल वाढला, गाडी मात्र होती तेवढीच राहिली. पहिल्याच्या गाडीला दुरुस्ती आहे. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन सोन्याचं केलं तरी काही होणार नाही, आणि नेमका हाच माणूस दर वर्षी इंजिन उघडतो. म्हणून पान्याला हात लावण्याआधी मी एवढंच विचारतो:

"गाडी घेतली तेव्हा काय भरत होता?"

"पन्नास-साठ कॅरेट."

"आणि आता?"

"शंभर-एकशेदहा. सगळेच भरतात की शेठ."

हिशोब करून बघा. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं, त्यावर रिकाम्या प्लास्टिकचे दीड-दोन किलो. शंभर कॅरेट म्हणजे सव्वादोन टनांच्या जवळ. आरसीवर दोन वजनं असतात, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं. दोघांतला फरक तेवढाच माल कायद्याने आणि कंपनीने मान्य केलेला. तो १,२०० किलो असेल, तर त्यातून वाढवलेल्या डाल्याचं (मागच्या हौद्याचं) लोखंड, वरची जाळी, ताडपत्री, दोर, पुढे बसलेला क्लीनर वजा करा. हाताशी हजार किलो उरतात, म्हणजे पंचेचाळीस कॅरेट. शंभर भरलेत तर दुप्पट भरलेत. गाडी तरी चढते हेच विशेष.

छोट्या गाड्यांचं गणित तर आणखी उघडं आहे. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला तो ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन. ताकद १६ हॉर्सपॉवर, माल पाऊण टन, भरलेल्या गाडीचं वजन १,५५० किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढ असलेल्या रस्त्यावर सगळं काही नव्यासारखं असताना ही गाडी ताशी तीसच्या आसपास चढेल. त्यात वरून एक टन टाका, वेग विशीच्या आत येतो. यात कोणाचाही दोष नाही, वजन गुणिले चढ भागिले ताकद, एवढाच विषय आहे. शहरात गॅस सिलिंडर, दूध, पाण्याचे जार पोचवायला बनवलेली गाडी माळशेजला लावली तर ती तिथं दम टाकणारच. अशी गाडी गॅरेजला आणून पैसे घालवू नका. पुढचे पैसे-कागदांचे मुद्दे तेवढे वाचा.

ज्यांना आपलं खरं वजन माहीत नाही, त्यांनी एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला. पावती मिळते, खर्च चहा-वड्याएवढा. निम्मा निर्णय त्या पावतीवर होतो.

आता पहिल्या प्रकारची गाडी

वजन पासिंगच्या आसपास आहे, तरी ओढ गेली आहे. इथं शोधायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण इंजिन उघडण्यात मजुरी आहे आणि फिल्टर बघण्यात नाही. आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय, पण आहे ते आहे.

आधी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवा. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून साठपर्यंत दाबून न्या. इंजिनचा आवाज चढतो पण काटा त्या मानाने चढत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच सुटतोय. इंजिनचा संबंध नाही. पाच-सात किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक शक्यतो न मारता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. जवळ न्या, लावू नका. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल, तर तिथं ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग बोलतंय. अडकलेलं एक चाक इतकी ताकद खातं की मालकाला इंजिनच बसल्यासारखं वाटतं. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं की कळतं.

टायरकडेही बघा. मागच्या खेपेला मोठे टायर टाकलेत का? २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला, की चाकाचा व्यास चार टक्क्यांच्या वर वाढतो. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला. सपाटीला गाडी छान पळते, घाटात तेवढीच मार खाते. मोठ्या टायरने गाडी रुबाबदार दिसते हे खरं, पण रुबाब चढ चढत नाही.

मग हवा. एअर फिल्टर प्रत्येकजण बघतो. टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरतो तो) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करतो तो) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी होज कोणी बघत नाही. उभ्या गाडीत ते धडधाकट दिसतात. टर्बोने दाब तयार केला की चिरलेली जागा उघडते, हवा बाहेर जाते, इंजिनात डिझेल तेवढंच पडतं आणि मागून काळा धूर निघतो. होज कपड्याने पुसून ठेवा, एक घाटाची फेरी करा, मग बघा: जिथं चीर आहे तिथं तेलाची ओली रेघ दिसते. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लिपवर किंवा फार तर एका होजवर संपणारं काम. याच होजच्या पायी नोझल आणि पंप दोन्ही खोललेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

डिझेलचं दुखणं वेगळं ओळखू येतं. सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी व्यवस्थित, मग सलग चढ लागला की हळूहळू दम जातो. थांबून पाच मिनिटांनी चालू केली की पुन्हा ठीक. अशा वेळी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय आणि टाकीत निर्वात होतंय. नाही पडला तर टाकीतली जाळी, फीड पंप, फिल्टर. फिल्टरच्या तळाचं पाणी शेवटचं कधी काढलं ते आठवा. कॉमन रेल इंजिन (एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोझलना जबर दाबाने डिझेल देणारं) असेल तर चालू गाडीत रेलचा किंवा नोझलचा पाइप सैल करून "डिझेल येतंय का" बघण्याचा उद्योग कृपा करून करू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असू शकतो, डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत हात सडतो. जुन्या पंपाच्या इंजिनवर शिकलेल्या मिस्त्रींना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

कॉमन रेलच्या गाडीला स्कॅनर लावून घ्या. इंजिन तापलं, सेन्सरने चुकीचं सांगितलं किंवा रेलचा दाब कमी पडला, की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. चालकाला वाटतं इंजिन संपलं, आणि संपलेला असतो एक सेन्सर. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा राहिला तरी हेच चित्र: काळा धूर, जड पिकअप, वाढलेलं डिझेल. सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तर मात्र धूर फारसा नसतो, इंजिन नुसतं कोंडल्यासारखं वागतं.

एवढं सगळं झाल्यावर इंजिन. तेही उघडायचं नाही अजून. गरम इंजिन स्लोवर चालू ठेवून तेलाचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवा. थरथरलं तर चालतं. उडून पडत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून) धुराचे ठसके येत असतील, तर रिंगांतून दाब खाली उतरतोय. सोबत चढावर निळा धूर आणि तेल दर फेरीला कमी होत असेल, तर शंका उरत नाही. कंप्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजून घ्या, आणि नुसता आकडा बघू नका, सिलिंडरांतला फरक बघा. चारही सारखेच थोडे उतरलेले असतील तर इंजिन म्हातारं झालंय पण चालेल. तीन ठीक आणि एक पार खाली असेल तर त्या एकाचं काहीतरी झालंय: व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. त्या एकासाठी पूर्ण इंजिन बांधायची गरज पडेलच असं नाही.

तेच काम पुन्हा निघतंय

खरा वैताग इथं आहे. काम केलं, पैसे दिले, चार-सहा महिन्यांत तीच तक्रार. मालक मिस्त्री बदलतो. नवा मिस्त्री तेच काम पुन्हा करतो, जुन्याला नावं ठेवून. कारण मात्र गाडीत तसंच बसून राहतं.

डिझेल फिल्टर दर महिन्याला चोंदत असेल तर फिल्टरची कंपनी बदलून काय होणार? टाकी उतरवा. दहा वर्षांच्या लोखंडी टाकीच्या तळाला गंज आणि गाळ असतो, शिवाय रात्री टाकी निम्मी ठेवण्याची सवय असेल तर हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी होतं. टाकी धुऊन किंवा बदलून काम संपतं. ते न करता नवे नोझल टाकले तर तेही त्याच पाण्याने जातील, आणि कॉमन रेलचे नोझल पंपावर भरलेल्या एका टाकीपेक्षा कितीतरी महाग पडतात.

हेड गॅस्केट दुसऱ्यांदा उडालं तर आधीच्या वेळी हेड फेस (घासून सपाट) केलं होतं का आणि क्रॅकसाठी तपासलं होतं का, ते बिलावर बघा. फेस केलेलं असूनही उडालं तर गाडी तापतेच का ते शोधा. रेडिएटर आतून खाराने बुजलेला असतो (बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं), फॅनचा क्लच ढिला असतो, थर्मोस्टॅट कोणीतरी "त्रास नको" म्हणून काढून फेकलेला असतो. गॅस्केट हा शेवटचा बळी आहे, गुन्हेगार आधीच पळालेला असतो.

क्लच प्लेट वर्षात दोनदा गेली तर तीन गोष्टी. फ्लायव्हील फेस न करता नवी प्लेट चढवली असेल. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल प्लेटवर येत असेल. नाहीतर ड्रायव्हर घाटात क्लचवर पाय ठेवून गाडी धरून ठेवतोय. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सांगायला सगळ्यात अवघड असतं, कारण ड्रायव्हर बहुधा मालकाचा पुतण्या असतो.

मागच्या कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे मोडत असतील तर उत्तर वजनकाट्यावर आहे. पाटा वाढवून घेतला की माल वाढतो, मग मागच्या अ‍ॅक्सलचं हाऊसिंग वाकतं, मग त्यातले क्राऊन पिनियनचे गिअर बोलायला लागतात. दुसऱ्या प्रकारच्या मालकाचा प्रवास असाच सुरू होतो.

आणि एक उपाय, जो कोणी ना कोणी सुचवतोच: "पंप वाढवून देतो, रॉकेट होईल." जुन्या इंजिनात पंपाचा स्क्रू फिरवून, नव्यात कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून डिझेल जास्त पाडतात. गाडी खरंच ओढते, काही दिवस. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर आणि वाढलेली उष्णता. मग टर्बो, हेड किंवा पिस्टन यांतलं जे दुबळं असेल ते आधी जातं. पीयूसीत अडकाल ते वेगळंच. दहा वर्षांच्या इंजिनवर हा प्रयोग मी करून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चढाची इतकी चर्चा झाली, उताराबद्दलही थोडं. टोमॅटो घेऊन मुंबईकडे जाणारी गाडी भरलेली असताना माळशेज उतरते. तिथं ताकद लागत नाही, ब्रेक लागतो. दुप्पट माल घेऊन ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापून गुळगुळीत होतात आणि ऐन वळणावर पेडल दगडासारखं होऊनही गाडी थांबत नाही. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. ओढ नसलेली गाडी तुम्हाला उशीर करेल. ब्रेक नसलेली गाडी घरीच पोचू देणार नाही. पैसे कमी असतील तर आधी ब्रेकला घाला.

पैसे घालायचे की नाही

लोक इंजिनवरून ठरवतात. मी चेसिसवरून ठरवतो. इंजिन, गिअरबॉक्स, हाऊसिंग सगळं बदलता येतं. कुजलेली चेसिस घेऊन कुठे जाणार? गाडी रॅम्पवर घ्या, हातोडी घ्या, मागच्या कमानीचे ब्रॅकेट जिथं चेसिसला लागतात तिथं आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर त्या गाडीवर इंजिन काम करू नका. कोकणात मासळीवर चाललेल्या गाड्या यात पहिल्या. बर्फाचं खारं पाणी डाल्यातून थेट चेसिसवर ठिबकत असतं, वरून रंग चकचकीत आणि खाली चाळण. हर्णै, मालवणकडची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून इकडचे लोक घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. आमच्या कोरड्या पट्ट्यातली गाडी इंजिनाने थकली तरी चेसिसने बहुधा टिकते.

चेसिस चांगली निघाली, तर पुढे साधी बेरीज. आकडे धरून चालूया, तुम्ही आपले घाला.

नवी गाडी रस्त्यावर यायला १० लाख धरा. २ लाख रोख, ८ लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण १७,४०० रुपये. जुन्या गाडीचं फुल इंजिन, क्लच, रेडिएटर मिळून १ लाख २० हजार धरा आणि ते तीन वर्षं पुरेल असं माना: महिन्याला ३,३०० च्या वर. किरकोळ कामं ४,५०० धरा. जुनी गाडी लिटरला ९ किलोमीटर देते आणि नवी १२, महिन्याला २,५०० किलोमीटर फिरता, तर जुनीला सुमारे ७० लिटर जास्त लागतं. ९० रुपयांनी सव्वासहा हजार. जुनीची बेरीज १४ हजारांवर गेली. हप्त्यापासून फार लांब नाही, हे बघून लोक दचकतात. कारण जास्तीचं डिझेल थोडं थोडं जातं, बिल एकदम कधी समोर येत नाही.

म्हणून लगेच नवी घ्या असं होत नाही. वरची बेरीज २,५०० किलोमीटरची आहे. तीच गाडी महिन्याला ८०० किलोमीटर फिरत असेल तर डिझेलचा फरक दोन हजारांवर येतो आणि किरकोळ खर्चही उतरतो. हप्ता मात्र एक रुपयाने उतरत नाही. टोमॅटोचा भाव पडून लोक माल रस्त्यावर ओतत असले तरी पाच तारखेला बँकेचा मेसेज येतो. ज्याची गाडी स्वतःच्या शेतासाठी आणि हंगामापुरती आहे, त्याने चांगल्या चेसिसची जुनी गाडी दुरुस्त करून वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं दूध किंवा कुरिअरचं रोजचं बांधलेलं भाडं आहे आणि एक फेरी चुकली की काम दुसऱ्याला जातं, त्याने उलट करावं. त्याचं नुकसान दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही, गेलेल्या गिऱ्हाइकात दिसतं.

मधली वाटही आहे, ती फार कमी जण बघतात. जुनी गाडी ठेवा, तिच्यावर तिच्या वजनाएवढाच माल घाला आणि हंगामातला मोठा माल भाड्याच्या मोठ्या गाडीने पाठवा. वर्षाला किती फेऱ्या खरोखर शंभर कॅरेटच्या होतात ते वहीत बघा. बऱ्याच जणांच्या थोड्याच निघतात, आणि तेवढ्यांसाठी बारा महिने मोठ्या गाडीचा हप्ता भरायचा विचार चाललेला असतो.

दुसरा मधला मार्ग म्हणजे चार-पाच वर्षांची, एक पायरी मोठी सेकंड हँड गाडी. घेताना वरच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर करा, भरलेली चालवून बघा. विकणारा रिकामीच दाखवतो.

नव्या गाडीबद्दलही भ्रम नको. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला. या डिझेल गाड्यांत धूर साफ करायची यंत्रणा जास्त नाजूक आहे. काजळी अडवणारा फिल्टर असलेली गाडी सतत दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांवर ठेवली तर तो चोंदतो आणि दिवा लागतो. गावातल्या गावात पाण्याचे जार टाकणाऱ्याने डिझेल घ्यायलाच हवं असं नाही. पण छोटी सीएनजी गाडी घेऊन घाटात डिझेलसारखी ओढ मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

कागद

बारा-तेरा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्याआधी पंधरावं वर्ष कधी लागतं ते आरसीवर बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग (इथं अर्थ आरटीओची फिटनेस तपासणी), त्यानंतर दर वर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी कित्येक पटींनी वाढली आहे. चालू दर आरटीओत किंवा परिवहनच्या साइटवर बघून घ्या आणि तो आकडा वरच्या बेरजेत टाका. चौदाव्या वर्षी फुल इंजिन करणाऱ्याने तर नक्कीच.

"दहा वर्षं झाली की डिझेल गाडी बंद" हे ऐकून घाबरलेले लोक येतात. तो विषय दिल्ली परिसरातला आहे. आपल्याकडे पासिंग होत असेल, कर आणि विमा भरलेला असेल तर दहा वर्षांची गाडी चालते. ही भीती घालून एजंट गाड्या भाव पाडून मागतात, तेवढं सांभाळा.

जास्त मालाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती शोधते, हे आधीच लक्षात घ्या. थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या वयावर नसतो, वजनाच्या गटावर असतो; जुनी गाडी आहे म्हणून तो कमी होणार नाही.

दुसरं इंजिन बसवायचं ठरलं तर आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या इंजिनाचं बिल नसेल तर ते घेऊच नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पासिंगच्या दिवशी कळतं. वेगळ्या जातीचं, मोठं इंजिन बसवायला आरटीओची आधी परवानगी लागते.

आणि गाडी काढायचीच ठरली, तर दोन रस्ते. चालती असेल तर विका. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी घेऊन आधी उतरवा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर त्या गाडीचं चलन आणि अपघात दोन्ही तुमच्या नावावर. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. चेसिसच गेलेली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, भंगारवाल्याकडे नको. तिथं ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) मिळतं. ते दाखवून नवी व्यावसायिक गाडी घेतली तर केंद्राच्या नियमांत मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची आणि नोंदणी फी माफीची तरतूद आहे. शोरूमवाला स्वतःहून ते विचारणार नाही, बिल बनवायच्या आधी तुम्हीच काढून टेबलावर ठेवा. आणि गाडी देण्यापूर्वी बॅटरी, जॅक, स्टेपनी आणि ताडपत्री उतरवून घ्या, नव्या गाडीला लागतातच.